भोंगा दोन तास बंद ठेवणेबाबत

दौऱ्यावर निघताना माझी बायको मला नेहमी तीन गोष्टी देते: लोकरीचे मोजे, पोटदुखीच्या गोळ्या आणि "कुणाला काही कबूल करून बसू नका" ही ताकीद. मोजे आणि गोळ्या मी नेमाने वापरतो.

आमचा वाद्यवृंद चाळीस जणांचा. 'जिथे रस्ता संपतो, तिथे आमचं संगीत सुरू होतं' असं आमच्या माहितीपत्रकावर छापलेलं आहे. ज्याने हे लिहिलं तो रस्ता सोडून कधी कुठे गेलेला नाही. आम्ही मात्र खाणींच्या वस्त्यांवर, नदीपलीकडच्या गावांत, डोंगरावरच्या दोन वर्गांच्या शाळांत जाऊन वाजवतो. एकदा मेंढ्यांच्या ट्रकमधून गेलो होतो, मेंढ्यांसकट. चेलोवाल्या बाईंच्या पेटीला अजून तो वास येतो, आणि त्या म्हणतात की, त्यामुळे सूर गोल लागतो.

मी ओबो वाजवतो. ओबो म्हणजे काय, हे बावीस वर्षांत मला माझ्या शेजाऱ्यांना समजावता आलेलं नाही. काळ्या लाकडाची हातभर नळी आणि तिच्या तोंडाशी वेताच्या दोन पात्यांची नखाएवढी जिभली. आमच्या इमारतीत तिला सरसकट पुंगी म्हणतात. तळमजल्यावरचे निवृत्त इंजिनियर जिन्यात भेटले की, "काय, आज पुंगीला सुट्टी?" असं विचारतात. मी हसतो आणि मनातल्या मनात त्यांना एक गोष्ट ऐकवतो. कार्यक्रमाआधी अख्खा वाद्यवृंद गप्प होऊन माझ्याकडे बघतो. मी एक लांब सूर देतो आणि बाकीचे एकोणचाळीस जण आपापली वाद्यं त्याला जुळवून घेतात. कारण साधं आहे. तारांची वाद्यं हवा बदलली की रुसतात, पितळी वाद्यं गरम झाली की फुगतात, पण ओबोचा सूर सहसा हलत नाही आणि हलवू म्हटलं तरी फारसा हलवता येत नाही. थोडक्यात, ज्याला स्वतःला बदलता येत नाही त्याच्याशी इतरांनी जुळवून घ्यायचं. हे तत्त्व मी घरीही एकदा मांडून पाहिलं होतं.

त्या बेटावर आम्ही बुधवारी सकाळी उतरलो. समुद्र इतका शांत होता की, बोट पुढे जातेय की बेट आपल्याकडे येतंय, ते कळेना. धक्क्यावर बेटावरची माणसं हात बांधून उभी होती. हॉटेल नसलेल्या गावात आमची पद्धत म्हणजे घरोघरी एकेक वादक वाटून द्यायचा. व्यवस्थापक यादी वाचतो, एक माणूस पुढे होतो आणि आपल्या वाटणीचा वादक घेऊन जातो. डबलबासवाल्याला मोठ्या दाराचं घर मिळतं. ढोलवाल्याला गावाबाहेरचं मिळतं. मला दीपगृह मिळालं.

दीपगृह टेकडीवर होतं. तिथे रखवालदार काका आणि त्यांच्या बायको, म्हणजे काकू, असे दोघेच राहत. घरात वाऱ्याखेरीज कुणी मोठ्याने बोलत नसे. खिडकीत बसलं की खाली गावाची छपरं, त्यापलीकडे पाणी आणि त्यापलीकडे काहीच नाही. अशा ठिकाणी माणसाचा कणा सैल होतो. एरवी मी चहाच्या दुसऱ्याच कपाला कुणाला काही कबूल करत नाही.

"चौथ्यांदा येताय तुम्ही लोक," काकू म्हणाल्या. "मी तिन्ही वेळा आले होते. छान वाजवता."

"आणि काका?"

"त्यांना कुठलं जमायला? तिन्ही वेळा धुकं."

मग त्यांनी सांगितलं. धुकं उतरलं की दीपगृहाचा दिवा होड्यांना दिसत नाही. मग भोंगा वाजवावा लागतो. दर साठ सेकंदांनी एकदा, हाताने दांडा ओढून, धुकं विरेपर्यंत. गेली एकतीस वर्षं काका तो ओढत होते. मदतनीस होता तो दिव्यापुरता, त्याचीही गेल्या वर्षी बदली झाली आणि मागोमाग त्याची जागाच रद्द झाली. "मला येतो वाजवायला," काकू म्हणाल्या, "पण कागदावर मी नाही." येता रविवार सोडून पुढच्या रविवारी काका निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी यंत्र बसणार होतं, आणि ही दोघं लेकीकडे जाणार होती, समुद्रापासून लांब, जिथे आमच्यासारखे लोक जात नाहीत, कारण तिथे रस्ता आहे.

काका इतका वेळ घड्याळाला किल्ली देत होते. ते म्हणाले, "अगदीच येत नाही असं नाही. वारा बरा असला की ढोल येतो वरपर्यंत."

तीन कार्यक्रमांतून त्या माणसाच्या वाट्याला फक्त ढोल आला होता. आमचा ढोलवाला मला माहीत आहे. मला राहवलं नाही.

"त्यात काय काका," मी म्हणालो, "शनिवारी दोन तासांचा तर प्रश्न आहे. धुकं पडो न पडो, भोंगा बंद ठेवायची रीतसर परवानगीच काढू. मी बोलतो."

"कुणाशी?" काकांनी विचारलं.

त्यांनी विचारलं ते कुतूहलाने. एकतीस वर्षांत त्यांना तसा कुणी सापडला नव्हता.

बेटावर सरकारी कचेरी एक, खोली एक आणि कारकून एक होता. भिंतीवर मात्र चार खुंट्या होत्या आणि त्यांवर चार टोप्या: टपाल, बंदर, जन्ममृत्यू आणि हवामान. मी आत गेलो तेव्हा कारकून टपालाची टोपी घालून बसले होते. मी भोंग्याचं नाव काढताच त्यांनी ती काढून ठेवली, बंदराची घातली आणि "बोला" म्हणाले. पाच मिनिटं तेच ऐकत असूनही मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

अर्ज छापील होता. 'भोंगा तात्पुरता बंद ठेवणेबाबत.' खाली कारणं होती: दुरुस्ती, रंगकाम आणि रखवालदाराचा मृत्यू.

"यात संगीत नाही," मी म्हणालो.

"नाही."

"'इतर' असं काही?"

"होतं. लोक गैरवापर करायला लागले म्हणून काढलं." त्यांनी जरा विचार केला. "असं करा, रंगकाम टाका. रंगकामाला वर कुणी विचारत नाही."

आयुष्यात मी सरकारी कागदावर खोटं लिहिलेलं नाही, हे मी त्यांना बाणेदारपणे सांगितलं. त्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं आणि मग 'मृत्यू' या शब्दावर बोट ठेवलं. मी रंगकामावर खूण केली. "होड्यांचं काय?" मी विचारलं. "शनिवारी दुपारी सगळ्या होड्या तुमच्याच कार्यक्रमाला असतात हो," ते म्हणाले. "पण ते अर्जात लिहू नका. होड्या बंद ठेवण्याचा अर्ज वेगळा आहे."

उत्तर शुक्रवारच्या बोटीने येणार होतं. तोवर गप्प बसायचं, एवढं साधं काम होतं. पण वाद्यवृंदात गोष्ट एकाला सांगितली की चाळिसांना कळते, आणि चाळिसांपैकी प्रत्येकाला वाटतं की, आपण चुकून संगीतात आलो, खरे आपण इंजिनियर. बासरीवाल्या बाई म्हणाल्या, कार्यक्रम रेकॉर्ड करून द्या. काका म्हणाले, "मासा डब्यातला मिळतो हो, पण मी बेटावर राहतो." ट्रॉम्बोनवाल्याने सुचवलं की, भोंगा तो स्वतः ट्रॉम्बोनवर वाजवेल. डबलबासवाला मात्र टेकडी चढून आला, भोंग्याच्या पिंपाएवढ्या तोंडात डोकं घालून बराच वेळ राहिला आणि म्हणाला, "गादी."

"गादी काय?"

"तोंडात गादी कोंबायची. आवाज बाहेर समुद्रापर्यंत जाईल, पण इकडे गावाच्या बाजूला त्रास नाही. काकांच्या जागी काकू ओढतील. खाली कुणाला फरक कळणार नाही."

हे शास्त्र मला तेव्हा पटलं. ते का पटलं, याचा मी पुढे बराच विचार केला. त्या हवेत सगळंच पटत असे. काकांना सांगायची आमची छाती झाली नाही. रोज दुपारी बाराला ते चाचणीचा एक भोंगा वाजवत. गुरुवारी बाराला पाच मिनिटं असताना आम्ही दोघांनी गादी कोंबली. गादी माझ्याच पलंगावरची होती, कारण दुसऱ्या कुणाची मागायला मला संकोच वाटला.

बारा वाजले. पहिल्यांदा खोल कुठेतरी डोंगराने ढेकर द्यावी तसा आवाज झाला. मग गादी बाहेर आली. ती आपटली नाही, धडपडली नाही. निळ्या पट्ट्यांची ती गादी कुंपणावरून, कड्यावरून, समुद्रपक्ष्यांमधून इतकी सावकाश, इतकी पसरून गेली की, आम्ही दोघं बघत राहिलो. पाण्यावरही ती हलकेच टेकली आणि खाडीच्या दिशेने तरंगत निघाली. मला वाटतं, त्या गादीच्या आयुष्यातला तो सर्वांत सुंदर दिवस असावा.

दुपारी एका कोळ्याने 'पाण्यात कुणीतरी उताणं' असल्याची वर्दी दिली. कारकुनांनी जन्ममृत्यूची टोपी घातली आणि माझा जबाब घेतला. मयत गादी असल्याचं निष्पन्न झाल्यावर टोपी बदलून बंदराच्या खात्यातर्फे पुन्हा घेतला. संध्याकाळी काकांनी घड्याळाला किल्ली दिली. मग म्हणाले, "भोंगा आज जरा मोकळा वाजला. एकतीस वर्षांची धूळ निघाली असणार." त्या रात्री मी सतरंजीवर झोपलो.

शुक्रवारच्या बोटीने परवानगी आली. तिच्यासोबत लाल रंगाचा एक डबा आणि दोन ब्रशही आले. रंगकाम अर्जदाराने स्वतः, दोन हात देऊन, पूर्ण करायचं होतं. आणि परवानगी फक्त निरभ्र हवेपुरती होती.

"पण निरभ्र हवेत भोंगा वाजतच नाही," मी म्हणालो.

"म्हणून तर परवानगी मिळाली," कारकून म्हणाले.

शनिवारी सकाळी मी भोंगा रंगवला. कार्यक्रमाच्या दिवशी आमच्यातले इतर वादक बोटं गरम पाण्यात बुडवून बसतात, कुणाशी बोलत नाहीत. मी शिडीवर होतो. रंग वाळायला दोन दिवस लागतात, हे डब्यावर लिहिलं होतं. तो रंग बोटांवरून जायला नऊ दिवस लागतात, हे लिहिलेलं नव्हतं. खाली समुद्र आरशासारखा पडला होता. काकूंनी इस्त्री केलेला काकांचा पांढरा सदरा दाराला लटकत होता. "आज दिसतंय तरी बरं," काकू आभाळाकडे बघून हळूच म्हणाल्या. जणू जोरात म्हटलं असतं तर त्याने ऐकलं असतं.

एक वाजता क्षितिज गेलं. दीडला धक्का गेला. दोनला मी शिडीवरून उतरलो तेव्हा मला शिडी दिसत नव्हती. कारकून टेकडी चढून आले ते हवामानाची टोपी घालून. "ती परवानगी बंदराच्या टोपीने दिली होती," ते खाली बघत म्हणाले. "ही टोपी ती परत घेतेय. मला स्वतःला वाईट वाटतंय. पण त्याला टोपी नाही."

काकांनी पांढरा सदरा काढून ठेवला, जुना कोट घातला, घड्याळ लावलं आणि दांडा ओढला. ताज्या रंगाचे लाल थेंब माझ्या कपाळावर उडाले.

मी कचेरीतून घरी फोन लावला. बायकोने सगळं ऐकून घेतलं. गादीसकट.

"कबूल केलंत ना?"

"हो."

"मग आता निस्तरा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

चारला आम्ही धक्क्याजवळच्या सभागृहात बसलो. बेटावरचं झाडून सगळं माणूस आलं होतं. पहिल्या रांगेत काकू होत्या आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर त्यांनी काकांचा पांढरा सदरा घडी करून ठेवला होता. वाद्यवृंद गप्प झाला. एकोणचाळीस जण माझ्याकडे, म्हणजे खरं तर माझ्या लाल बोटांकडे, बघायला लागले. मी सूर दिला. आणि वरून, अर्ध्या मैलावरून, भोंग्याने उत्तर दिलं.

तो सूर आमचाच होता, पण उतरलेला. अगदी पाव पायरी खाली, दुखऱ्या दातासारखा. व्हायोलिनवाले गोंधळले. मी पुन्हा सूर दिला. भोंग्याने पुन्हा तसंच, न चिडता, सांगितलं. दोन तास दर मिनिटाला हे होणार होतं.

मला त्या सदऱ्याकडे बघवेना. मी उभा राहिलो. ओबोवाला कधी उभा राहत नाही. आमचे संचालक फार बोलत नाहीत. हातातल्या पांढऱ्या काडीमुळे त्यांना आम्ही काडीसाहेब म्हणतो. त्यांनी काडी खाली केली.

"साहेब," मी म्हणालो, "भोंगा इथे येणार नाही. आपण तिकडे जाऊ या."

काडीसाहेबांनी खिडकीबाहेरच्या धुक्याकडे पाहिलं, मग डबलबासवाल्याकडे पाहिलं. "तुला चढ झेपेल?"

"गादीची भरपाई म्हणून झेपेल," तो म्हणाला.

मग सगळ्यांनी आपापली खुर्ची उचलली. वादकांनी, कोळ्यांनी, शाळेच्या बाईंनी, कारकुनांनी. कारकुनांच्या डोक्यावर त्या दिवशी पहिल्यांदाच कुठली टोपी नव्हती. त्या चढावर माणसं दिसत नव्हती, नुसत्या खुर्च्या दिसत होत्या, उलट्या, पाय वर करून, धुक्यातून तरंगत जाणाऱ्या. कुणाचा तरी झांजांचा जोड एकदा किणकिणला आणि थांबला. दर साठ सेकंदांनी वरून तो सूर यायचा आणि आम्ही त्याच्या रोखाने चालत राहायचो, होड्यांसारखे.

काका दांड्याजवळ बसून होते. आधी त्यांना आमचे पाय दिसले असावेत. काकूंनी त्यांच्या मांडीवर सदरा ठेवला. काकांनी चाळीस वादक, दोनशे खुर्च्या आणि एक डबलबास यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आवारात गर्दी करू नये असा नियम आहे." मग घड्याळ बघून दांडा ओढला. "पण मला इथून फारसं कुणी दिसत नाहीये. एवढंच की, भोंगा थांबणार नाही."

"थांबवू नका," काडीसाहेब म्हणाले. "आम्ही त्याला जुळवून घेतो."

आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा, जुळवायच्या वेळी, वाद्यवृंदाने माझ्याकडे पाठ केली.

तारा सैल झाल्या. पितळी नळ्या लांब झाल्या. बासरीवाल्या बाईंनी बासरीचं डोकं जरासं ओढलं आणि झालं त्यांचं. तीन भोंग्यांत सगळे खाली उतरले. राहिलो मी. ज्याला स्वतःला बदलता येत नाही त्याने काय करायचं, याचा मी कधी विचार केला नव्हता. जिभली जेवढी बाहेर ओढता येईल तेवढी ओढली, तिच्या बुडाला दोरा गुंडाळला, ओठ सैल सोडले, मनातला सगळा बाणेदारपणा काढून टाकला. तरी मी केसभर वरच होतो.

आम्ही ती संथ रचना वाजवायला घेतली, जिच्यात तो सूर मुक्कामाचा आहे. सगळे सूर हिंडून फिरून त्याच्याशी येऊन टेकतात. पांढऱ्या धुक्यात काडीसाहेबांची पांढरी काडी कुणालाच दिसेना. मला माझा कागद दिसत होता, शेजारच्या बाईंचा एक कोपर दिसत होता, बाकी जग पुसलेलं. कोण कुठून वाजवतंय ते कळत नव्हतं. चेलो समुद्रातून येत होते, व्हायोलिनं वरून उतरत होती, ढोलवाला आयुष्यात पहिल्यांदा इतरांचं ऐकून वाजवत होता. आणि दर मिनिटाला पाठीमागून तो भोंगा यायचा, पायाखालची जमीन यावी तसा, आणि सगळं त्याच्यावर अलगद बसायचं. आपण जागे आहोत का, याची मला खात्री नव्हती. असावेत. माझ्या नाकाला रंगाचा वास येत होता.

शेवटाकडे माझी एकट्याची एक लांब ओळ आहे. सगळे थांबतात, ओबो एकटा वर जातो, वळतो आणि सावकाश त्या मुक्कामाच्या सुराकडे खाली येतो. त्या दिवशी मी फार सावकाश येत होतो, कारण दोरा सुटत होता. मनात मी सेकंदही मोजत होतो. ती सवय दुपारपासून लागली होती. छप्पन्न. सत्तावन्न. माझी ओळ संपायला अजून दोन मात्रा होत्या. आता भोंगा माझ्यावरून जाणार. एकोणसाठ. साठ.

भोंगा वाजला नाही.

एकसष्ट. मी वाजवत राहिलो. धुक्यात मला काका दिसत नव्हते. बासष्ट. त्रेसष्ट. मी शेवटच्या सुरावर टेकलो, आणि तेव्हा, चौसष्टाव्या सेकंदाला, त्यांनी दांडा ओढला. एकतीस वर्षांत भोंगा एक सेकंद इकडचा तिकडे झाला नव्हता. हे नंतर काकूंनी सांगितलं, अगदी हळू, कारकून ऐकणार नाहीत अशा बेताने. ते शेजारीच होते आणि टोपी नसल्यामुळे त्यांना काही ऐकू आलं नाही.

सगळे उठले, खुर्च्या उचलल्या. काका दांड्याजवळच होते. पांढरा सदरा त्यांनी कोटावरूनच घातला होता. मी पुढे झालो. माणसाला अशा वेळी काहीतरी ऐकायचं असतं. मी नाही म्हणणार नाही.

"फार छान," काका म्हणाले. "सगळं सगळं ऐकू आलं." मग जरा घुटमळले. "ती पुंगी कोण वाजवत होतं?"

"मी."

"हां," ते म्हणाले. "बाकी सगळे बरोबर होते. ती जरा चढी होती."

एकतीस वर्षं ज्याने एकच सूर ऐकला, त्याच्याशी काय वाद घालणार? मी त्यांच्या पाया पडलो. लाल बोटांचे ठसे त्यांच्या बुटांवर उमटले.

रविवारी सकाळी निघालो तेव्हाही धुकं होतं. धक्का दोन हातांवर नाहीसा झाला. मागे भोंगा वाजत होता, घड्याळासारखा: साठ, साठ, पुन्हा साठ. बोटीच्या मागच्या टोकाला मी एकटाच उभा होतो. पेटी उघडली, जिभली ओढता येईल तेवढी बाहेर ओढली आणि भोंगा वाजून गेल्यावर मोजायला लागलो. पन्नाशीला मी तो सूर लावला आणि धरून ठेवला. खाली, अजून खाली, ओठ अगदी सैल सोडून. साठ झाले. एकसष्ट. माझा दम संपत आला. त्रेसष्टला मी थांबलो.

चौसष्टाव्या सेकंदाला, धुक्याच्या आतून, भोंगा वाजला.

मी अजूनही चढाच होतो.